कवड्याचे पट्टे

मी आज जो काही आहे, तो वानखडे सरांमुळे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. काल प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनचा वास आला आणि मी मनाने लहानपणीच्या काटोलच्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन पोचलो.

मी नुकताच काठीने एक पट्टेरी साप मारला होता. पोरं पाठ थोपटत होती. सर सापाजवळ उकिडवे बसले.

"काहून मारलं गा याले?"

"मण्यार होता जी. विषारी."

"मण्यारचे पट्टे शेपटीकडे ठळक राहते. याचे पाह्य, तिकडं पुसट हाय. हा कवड्या हाय, बिनविषारी. जे कवडे मण्यारसारखे दिसले, त्याईले शिकारी जनावरं भ्याले. तेच जगले, त्याईचीच पिल्लं वाढली. ज्या पट्ट्यांनं पिढ्या वाचवल्या, त्याईच्याचपायी तुनं मारलं."

शाळेसाठी फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवण्याआधी सरांनी त्याचं पोट उघडलं. आत पांढरी अंडी होती. ती मला अजून दिसतात.

रात्री सरांना पत्र लिहिलं:

"सर, नैसर्गिक निवड शिकवताना दरवर्षी मी कवड्याचंच उदाहरण देतो, पण तो कोणी मारला हे सांगत नाही. ती बरणी शाळेत असेल तर मला द्या. या वर्षी सांगेन."