न उतरवलेली तात

हाताला घट्टे पडल्याशिवाय मला वाक्य सुचत नाही, हे माझं जुनं दुखणं. पहिल्या कादंबरीत गुऱ्हाळ होतं, तर हंगामभर चुलवाणाशी बसून डोळे लाल करून घेतले. दुसरीत दोर वळणारा होता, तर आमच्या लोणखेड्याच्या ओसरीवर अंबाडीचा असा पसारा मांडला, की बायकोला पाय ठेवायला जागा उरली नाही. ती म्हणायची, "पुढच्या पुस्तकात चोर आणू नका, म्हणजे मिळवली." शहाद्याच्या शाळेत मी मास्तर होतो. घरी शेती होती, ती भाऊ बघायचे आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायचे. लावू देत! बाहेरून बघून लिहिलेलं मला वाचवत नाही, मग लिहवेल कसं?

तिसऱ्या कादंबरीत पिंजारी आला. त्या काळी दसरा झाला की पिंजारी खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव निघत. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य. त्याला आतड्याची ताणलेली दोरी असते, ती तात. जड लाकडी ठोकळ्याने तातेवर ठोका द्यायचा आणि ती थरथरत असतानाच कापसात बुडवायची, की दबून दगड झालेला कापूस उडून मोकळा होतो. तो आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की बायका जुन्या गाद्या उन्हात काढायच्या. लहानपणापासून ऐकलेला आवाज, पण कागदावर उतरेल तर शपथ.

गोमाई नदीच्या काठी एक म्हातारा पिंजारी राहायचा. सगळं शहादा त्याला चाचा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. मला शिकवा म्हटल्यावर तो पोट धरून हसला. "मास्तर, पोरं मारता मारता हात दुखाले लागनात का?" पण शिकवायला तयार झाला. शाळा सुटल्यावर उन्हं कलेपर्यंत मी त्याच्याकडे बसायचो.

त्याच्या पुढच्या खोलीत दोन पिंजणं होती. एकावर तो काम करायचा. दुसरं आढ्याला टांगलेलं, तात चढवलेली, अंगावर धूळ. म्हटलं, हे मला द्या. चाचाने हातातला ठोकळा खाली ठेवला. मग आतल्या खोलीच्या गोणपाटाच्या पडद्याकडे बघत हळू आवाजात त्याने सांगितलं.

ते त्याच्या मुलाचं होतं. एकुलता एक मुलगा. दोन हिवाळ्यांपूर्वी रनाळ्याला एका लग्नघरी गाद्या भरायला गेला होता. काम थोडं उरलं असताना आईला भेटून येतो म्हणून पिंजण तिथेच ठेवून निघाला, तो घरी पोहोचलाच नाही. वाटेत तापी ओलांडावी लागते, तिथल्या प्रकाशा गावच्या नावाड्याने सांगितलं, असा कुणी माझ्या नावेत बसला नाही. तापी शोधली, काठची गावं शोधली. ना देह मिळाला, ना पागोटं. शेवटी रनाळ्याच्या शेतकऱ्याने गाडीत घालून पिंजण तेवढं परत पाठवलं.

त्या घरची एक रीत होती. पिंजारी गेला की त्याच्या पिंजणाची तात उतरवायची, आणि रडायचं ते तात उतरवल्यावर. चाचीने, म्हणजे मुलाच्या आईने, तात उतरवू दिली नव्हती. मेल्याचं कुणी पाहिलं नाही, मग उतरवायची का? त्यामुळे दोन वर्षं ती रडलीही नव्हती. पडद्याआड बसून राहायची. कुणाशी बोलायची नाही, चाचाने घास भरवला तर खायची, नाही तर नाही. पार काटकी झाली होती म्हणे. मी तिला पाहिलं नव्हतं, परक्या पुरुषासमोर ती येत नसे.

एवढं ऐकून मी म्हटलं, राहू द्या, चाचा. पण तोच उठला आणि ते पिंजण खाली काढलं. म्हणाला, टांगून ठेवलं तर तातेला कीड लागेल, ती तुटली तर हिचं काय होईल, त्यापेक्षा वाजू दे.

दुसरी एक रीत अशी, की बसल्यावर कापसाला हात लावायच्या आधी रिकाम्या तातेवर दोन ठोके द्यायचे. शिकवणाऱ्याला सलाम म्हणून. चाचाचे ठोके सारखे पडायचे, धण् धण्. मी ठोकळा उचलला. तो हा जड! माझं मनगट लेखणी धरणारं. पहिला ठोका पडला, दुसऱ्याला हात वर जाता जाता अडखळला आणि उशिरा खाली आला. धण्... धण्. मी स्वतःशीच चरफडलो.

पडद्याआडून आवाज आला, "उना का रे बेटा?"

आलास का रे बाळा, एवढंच. चाचाच्या हातातली तात थरथरत होती, ती त्याने तळव्याने दाबून धरली.  मुलगा लहानपणी चिंचेवरून पडला होता, त्याचं मनगट नीट बसलं नव्हतं, आणि जन्मभर त्याचा दुसरा ठोका असाच मागे राहायचा. हे मला चाचाने नंतर, अंगणात आणून सांगितलं.

थोड्या वेळाने पडद्याखालून एक थाळी पुढे सरकली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, त्यावर शेंगदाण्याचं तेल. चाचा ती थाळी बघून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दोन वर्षांत त्या घरची चूल चाचीने पेटवली नव्हती. आता ही थाळी कुणासाठी होती हे मला कळत होतं, आणि जेवायचं मी होतो. आमच्या गुजर घरातला मास्तर पिंजाऱ्याकडे जेवला म्हणून गावात बोभाटा होणार हेही कळत होतं. गेलं खड्ड्यात! मी जेवलो. पण घास गिळताना सारखं वाटत होतं की माझ्या पाठीशी कुणीतरी आपली पाळी यायची वाट बघत उभं आहे.

मी निघताना चाचाने माझे हात धरले. "ती आज जेवनी, मास्तर. बंद नका करज्यात."

मग मी रोज जायला लागलो. ठोकळा उचलायचा, दुसरा ठोका मागे राहायचा, आतून "उना का रे?" यायचं आणि थाळी यायची. कधी ती पडद्याआडून बोलत बसे. थंडी फार शे, कान बांधी ले. मी उत्तर दिलं नाही, तिनेही कधी मागितलं नाही. कापूस उडून खोली पांढरी व्हायची, पापण्यांवर बसायचा, आणि त्या धुरळ्यात मला समोर चाचाबरोबर आणखी कुणाची तरी सावली हलल्यासारखी दिसायची. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, मुलांना तसं शिकवतही होतो. पण त्या खोलीत कोपऱ्याकडे पाठ करून बसणं मी टाळायचो.

घरी वेगळीच तऱ्हा. माझ्या अंगावरचा कापूस आत येऊ नये म्हणून बायको आतून कडी लावून बसायची. मी अंगणात कपडे झटकून दार वाजवलं की ती "आले, आले, पिंजारीबुवा" म्हणत कडी काढायची. कोण म्हणून कधी विचारलं नाही. एवढ्या वर्षांत माझी थाप तिला पायरवासारखी ओळखीची झाली होती. "मिशी झटका आधी," म्हणायची, "म्हातारे दिसताय."

कादंबरीतलं पिंजाऱ्याचं प्रकरण लिहून झालं. मला आता शिकायचं काही उरलं नव्हतं, पण जाणं थांबवायची छाती होत नव्हती. आतला आवाज खणखणीत झाला होता. चाचा म्हणायचा, हिच्या अंगावर मांस चढलं, काल हसलीसुद्धा. मी थांबलो तर काय होईल, हे आम्ही दोघंही एकमेकांना विचारत नव्हतो.

आणि एक दिवस घात झाला. माझा हात बसला. रोजच्या सवयीने मनगट तयार झालं होतं, आणि बसल्या बसल्या दोन ठोके पडले, धण् धण्, अगदी सारखे. गुरूने शाबासकी द्यावी असे. चाचाने माझ्याकडे पाहिलं, त्याचा चेहरा उतरला. आतून काही आवाज नाही. मी संध्याकाळपर्यंत बसलो, थाळी आली नाही. निघताना पडद्याआडून पुटपुटल्यासारखं ऐकू आलं, "आज नई उना."

त्या दिवसापासून मी माझी चूक शिकू लागलो. हसू नका. नीट वाजवायला शिकण्यापेक्षा ते अवघड. घरी मेजावर बोटाने टकटक करत बसायचो, दुसरा ठोका किती मागे ठेवायचा ते कानाने मोजायचो. बायको वैतागली. "सुतारपक्षी परवडला," म्हणाली. पण मला जमलं. हुबेहूब जमलं, असं मला वाटलं. कादंबरीकार आहे मी, दुसऱ्याचं चालणं-बोलणं उचलणं हाच माझा धंदा.

चाचाकडे जाऊन बसलो आणि वाजवलं. धण्... धण्. आत शांत. पुन्हा वाजवलं. चाचा पडद्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, जणू तो आतलं उत्तर स्वतःच म्हणत होता. मी तिसऱ्यांदा ठोकळा उचलला तेव्हा पडदा बाजूला झाला.

चाची पहिल्यांदाच माझ्यासमोर आली. डोक्यावरून ओढणी, एवढीशी बाई, माझ्या आईच्या वयाची. माझ्या हाताकडे बघत ती म्हणाली, "तुमना हातले ठाऊक नव्हतं, तवलग तो ये. आते तुम्ही त्याले आणी ऱ्हायनात."

तुमच्या हाताला माहीत नव्हतं तोवर तो येत होता. आता तुम्ही त्याला आणताय. रागाने नाही बोलली, समजावून सांगितल्यासारखं बोलली. चाचा मध्ये पडला, अगं तोच ठोका शे, तोच! तिने मान हलवली. म्हणाली, जो आणावा लागतो तो जिता नसतो. मग खाली बसली, माझ्या हातातलं पिंजण अलगद स्वतःकडे ओढलं, आणि तातेची गाठ सोडायला लागली.

चाचा म्हणाला, "नको." ती म्हणाली, "हातभार लाव." त्याने लावला नाही. तो भिंतीला टेकून बसून राहिला. गाठ जुनी, घट्ट बसलेली, तिची बोटं पुरत नव्हती. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं. मी गाठीत नख घातलं. तात सुटताना स्वतःहून एकदा वाजली, लांब, खोल, आणि थांबली. तेव्हा चाची रडली. दोन वर्षांचं सगळं. चाचा सरकत तिच्याजवळ गेला. मी दोघांकडे पाठ करून रडलो, अगदी लहान मुलासारखा, आणि चपला हातात घेऊन बाहेर पडलो.

लोणखेड्याला पोहोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. त्या दिवशी कापूस पिंजलाच नव्हता, तरी सवयीने कपडे झटकले. माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं, आता परत जायचं नाही एवढंच होतं. मी दार वाजवलं.

आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो एकदम थांबला. "आले, आले" नाही. कडी नाही. बायको दारापाशी येऊन उभी राहिल्याचं मला कळलं, तिच्या बांगड्या वाजल्या.

"कोन शे?" तिने घाबरून विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं आणि माझा वर उचललेला हात तसाच राहिला. दाराला मी दोन थापा मारल्या होत्या, आणि दुसरी उशिरा पडली होती.