दहा दिवसांचा कोर्स

फलटणच्या बाहेर कालव्याच्या कडेनं एक कच्चा रस्ता जातो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस. त्या रस्त्यावर मी रोज सकाळी चालतो, गुडघ्यानं परवानगी दिली तर थोडा पळतो. वर्षभरापासून तिथं माझ्या मागून कुणीतरी पळत येतं. मी थांबलो की थांबतं. उजवा बूट नीट पडतो, डावा किंचित घासतो.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण पावलांच्या बाबतीत माझा कान फसत नाही, कारण त्याच कानावर मी पोट भरलं आहे. फौजेत मी पीटीचा उस्ताद होतो. सगळी कंपनी एका तालात पळत असताना कोण मागं पडतोय, हे मान न वळवता सांगायचो. तो डावा बूट माझ्या मित्राचा आहे, भरतीपासून तो तसाच घासत पळायचा. मित्र जाऊन वर्ष झालं, आणि शेवटची तीन वर्षं तर त्याला डावा पायच नव्हता.

आम्ही एकाच दिवशी भरती झालो. मी इथला, उसाच्या घरचा, खाऊनपिऊन गुबगुबीत. तो आटपाडीकडचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आणि त्यांच्या मागं मागं त्यानं लहानपणीच अर्धा मुलूख पालथा घातलेला. भरतीच्या मैदानावर तो पहिला आला, मी कसाबसा निवडला गेलो. ट्रेनिंगमध्ये मी धापा टाकायला लागलो की तो मुद्दाम वेग कमी करून शेजारी यायचा. म्हणायचा, "गड्या, म्होरच्याच्या टाचंकडं बघ. दुसरं काय बघू नगंस." त्या टाचा बघत बघत मी इतका पळालो की शेवटी उस्ताद झालो. आणि ज्यानं मला पळायला शिकवलं त्यालाच पुढं वर्षानुवर्षं शिट्टी वाजवून पळवलं. तोही मला उस्तादच म्हणायचा. चारचौघांत गंभीरपणे, एकटे असलो की हसत.

फौजेत दरवर्षी मेडिकल असतं. वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर. त्यात काही निघालं की माणूस खालच्या कॅटेगरीत जातो, आणि खालच्या कॅटेगरीतल्या माणसाचं प्रमोशन अडकून बसतं. त्यामुळं एरवी गोळीला न घाबरणारे लोक रक्त द्यायच्या सुईला घाबरायचे. यावर मी एक उपाय काढला होता. मेडिकलच्या आधी दहा दिवस दोन्ही वेळा पळायचं. लंगरमधली, म्हणजे आमच्या फौजी खानावळीतली, पुरी बंद, हलवा बंद, भात बंद, रम बंद. सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी नुसती भाजी. दहा दिवसांत गालफडं बसायची, पट्टा दोन भोकं आत जायचा आणि रिपोर्ट स्वच्छ यायचा. अकराव्या दिवशी रक्त देऊन झालं की सगळे लंगरवर तुटून पडायचे, आणि त्यांत मी सगळ्यात पुढं असायचो.

याला आम्ही 'दहा दिवसांचा कोर्स' म्हणायचो. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू. दुसऱ्या कंपनीतले लोक विचारायला यायचे. मी डॉक्टरसारखा पाय पसरून बसायचो आणि कारलं सालीसकट की सोलून, यावर व्याख्यान द्यायचो. हे वर्षभर करा, असं मी एकदाही कुणाला सांगितलं नाही. मेडिकल वर्षभर नसतं ना.

पस्तिशीनंतर मित्राला स्टोअरमध्ये बसवलं. दिवसभर खुर्ची, समोर रजिस्टर, दर तासाला चहा. पोट सुटलं. पळायला मात्र गडी पक्का होता. मेंढरांमागं घडलेले पाय ते. पाच किलोमीटर तो विशीतल्यांच्या बरोबरीनं काढायचा. जो पळतो तो धडधाकट, एवढंच मला शिकवलं होतं आणि एवढंच मी पुढं शिकवत होतो. छातीत दम भरलेला असतानाही रक्त आतून बिघडू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही.

एकदा रजेवरून परत आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "उस्ताद, साखर निगालीया. भाईर तपासली. लय हाय म्हनत्यात. मेडिकल तोंडावर आलंय अन् हवालदारकीच्या यादीत नाव हाय. काय करू सांग."

डॉक्टरकडं जा, एवढंच बोलायचं होतं. मी बोललो, "पुन्हा रजा टाक. घरी जा, इथं लंगर सुटणार नाही. कोर्स कर."

त्यानं केला. रिपोर्ट चांगला आला, तो हवालदार झाला, आम्ही लंगरमध्ये जिलेबी वाटली. मग दरवर्षी तेच. मेडिकलच्या आधी रजा, आटपाडीला दहा दिवस, परत, रक्त, चांगला रिपोर्ट. पाच-सहा वर्षं हे चाललं. एका कॅम्पवर सकाळी तंबूमागं मुंग्या दिसल्या. रात्री उठून तो जिथं लघवीला गेला होता तिथं काळ्या मुंग्या दाटल्या होत्या. आम्ही दोघं शेजारी उभं राहून बघत होतो. लघवीला मुंग्या लागल्या म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणालाही कळतं. तो हळूच म्हणाला, "लय जमल्यात रं."

मी बुटानं माती ओढून त्या झाकल्या. म्हणालो, "चल, शिट्टी व्हायची वेळ झाली."

त्या मुंग्या मला अजून दिसतात. मातीखालून पुन्हा वर येताना दिसतात.

पुढचं सांगायला फार नाही. डोंगरातल्या पोस्टिंगवर डाव्या अंगठ्याला बूट लागला. त्याला दुखलंच नाही. पाय आतून बधिर झालेले, पत्ता कसा लागणार? चार दिवसांनी मोजा काढला तेव्हा अंगठा काळा पडला होता. फौजेच्या दवाखान्यात आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. तिथल्या डॉक्टरनं तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी केली. तिला दहा दिवसांत फसवता येत नाही. त्यानं मित्राला विचारलं, हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मित्रानं माझं नाव घेतलं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानंच मला हे सांगितलं, वर हसून म्हणाला, "तुजा कोर्स पास झाला बग, उस्ताद. डॉक्टर नापास." मीही हसलो. आज त्या हसण्याची मला शिसारी येते.

गेल्या वर्षी तो झोपेतच गेला. दहाव्याला मी आटपाडीला होतो. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, सगळ्यांदेखत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होती, "रिपोर्ट तर दर साली चांगलं यायचं. जत्रंला, दिवाळीला आलं की मीच पोळ्या करकरून घातल्या. मीच खायाला घालून मारलं त्यास्नी." बायका तिला समजावत होत्या. मी पाच हातांवर उभा होतो. रिपोर्ट खोटे होते, ते मी शिकवले होते, एवढं म्हटलं असतं तर तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. घाबरलो, दुसरं काय. आठवड्याभरात कालव्यावर डावा बूट घासत आला.

आता माझंही सांगतो. पेन्शनवर आल्यापासून मी एका कारखान्याच्या फाटकावर खुर्चीत बसतो. लंगरची भूक माझ्याबरोबर घरी आली, दोन वेळचं पळणं तिकडंच राहिलं. हिवाळ्यात एका सकाळी आमच्या न्हाणीघरात मोरीपाशी मुंग्या दिसल्या. सूनबाई उठायच्या आत मी बादलीभर पाणी ओतलं. तेव्हापासून रोज ओततो. मग माजी सैनिकांच्या दवाखान्यातून तपासणीची तारीख मिळाली, आणि मी काय करावं? कारली आणली. कोर्स सुरू केला. आता माझं कुठलं प्रमोशन अडणार होतं, देव जाणे. पण हात आपोआप तेच करत होते.

नवव्या दिवशी मित्राचं वर्षश्राद्ध होतं. दहिवडी, म्हसवड करत एसटीनं आटपाडीला पोहोचलो. रस्ताभर ठरवत होतो, आज बोलायचंच. वहिनी मागच्या चुलीपाशी एकटीच बसून पुरण वाटत होती. मी उंबऱ्यापाशी खाली बसलो. मला बघून तिनं पदर सारखा केला.

"आवं भावजी, म्होरं बसा की. हितं धूर हाय."

"वहिनी, एक बोलायचंय. तुमी त्याला खायला घालून मारलं न्हाई."

मग मी सगळं सांगितलं. साखर कधी कळली, कोर्स कुणी शिकवला, मुंग्या, माती, सगळं. मान वर केली नाही. तिचा हात मात्र थांबला होता, वरवंटा पाट्यावर तसाच राहिला होता. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या.

ती म्हणाली, "ते म्हनायचं, उस्तादानं औषद सांगितलंय, दहा दिसांचं. कारलं मी सवता वाटून द्याची. माळावर पळून आलं की घोंगड्यावर बसून गप प्याचं. दहा दिसांत त्वांड उजळायचं त्यांचं. रातचं उठनं बंद व्हायचं. मला वाटायचं, गुन आला."

"गुण येत होता," मी म्हणालो.

"मग बाकीचं दिस का न्हाई सांगितलं, भावजी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सबंध नोकरीत कुणी मला इतका साधा प्रश्न विचारला नव्हता. औषध माझ्या हातात होतं. ते मी फक्त डॉक्टरला फसवायला वापरलं. मी तिला म्हणालो, "मला सुचलं न्हाई." ते खरं होतं, म्हणूनच जास्त वाईट होतं.

ती पुन्हा वाटायला लागली. थोड्या वेळानं पंगत बसली. मी कोपऱ्यात बसलो. ती स्वतः पोळ्यांची दुरडी घेऊन वाढत आली. श्राद्धाच्या पानावरची पोळी नाकारायची नसते, आणि खरं तर ती खायची माझी लायकी नव्हती. मी हात पुढं केला. तिनं पोळी उचलली आणि तशीच थांबली. माझ्या चेहऱ्याकडं, बसलेल्या गालफडांकडं, आत ओढलेल्या पट्ट्याकडं बघत राहिली. असा चेहरा तिनं दरवर्षी दहा दिवस बघितला होता.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "आज कितवा दिस हाय?"

शेजारचा माणूस आमच्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "नववा."

"अन् परवा?"

मागं कुणीतरी डावा बूट घासत येऊन थांबल्यासारखं मला वाटलं. मी वळून बघितलं नाही.

"परवा दवाखान्यात खरं काय ते सांगतो, वहिनी. मला शुगर हाय." हे शब्द मी माझ्या बायकोसमोरही कधी उच्चारले नव्हते. "मुंग्या लागत्यात. कोर्स आता अकराव्या दिवशी बंद करायचा न्हाई."

तिनं पोळी दुरडीत परत ठेवली. आत गेली आणि माझ्यासाठी अर्धी भाकरी आणि भाजी घेऊन आली.