कासवाची उजवी बाजू

माझी मुलगी सहावीत गेली तेव्हा तिच्या वर्गाला जगातल्या जुन्या संस्कृतींवर प्रोजेक्ट करायचं होतं. विषय चिठ्ठ्या टाकून ठरणार होते. आपल्याला भारतच मिळणार असं धरून मी मातीची भांडी कशी करायची, सिंधू नदी कुठल्या रंगाने रंगवायची, सगळं मनात पक्कं करून ठेवलं होतं. चिठ्ठी निघाली चीनची.

"आई, इट्स फाइन. इट्स जस्ट अ प्रोजेक्ट," ती म्हणाली.

मी तिच्या बाईंना ईमेल लिहायला बसले. दोन परिच्छेद झाल्यावर नवऱ्याने येऊन लॅपटॉप मिटला आणि चहा पुढे ठेवला. माझा राग नाकावर असतो हे माहेरचे सांगत, सासरचेही सांगतात, आणि ऑफिसात दर वर्षी जरा सभ्य शब्दांत लिहून देतात. तो ईमेल गेला नाही, पण मी आठवडाभर धुसफुसत राहिले.

आमच्या शेजारच्या घरात एक चिनी आजी राहतात. आयुष्यभर तिकडच्या शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर मुलाकडे, अमेरिकेत क्युपर्टिनोला आल्या. त्यांच्या पर्सिमनच्या, म्हणजे त्या नारिंगी फळांच्या झाडाच्या, फांद्या आमच्या कुंपणावर येतात, आमचा कढीपत्ता त्यांच्याकडे झुकतो, आणि त्या पानांचं काय करायचं हे त्यांना अजून कळलेलं नाही. माझी मुलगी त्यांना नाइनाइ म्हणते. नाइनाइ म्हणजे आजी. तिच्या प्रोजेक्टचा विषय कळल्यावर त्या शनिवारी सकाळी एक जाडजूड पुस्तक छातीशी धरून आमच्या दारात उभ्या राहिल्या.

पुस्तकात फोटो होते, कासवाच्या पोटाकडच्या कवचाचे. तीन हजार वर्षांहून जुनी कवचं, त्यांच्यावर बारीक भेगा, आणि भेगांशेजारी टोकदार हत्याराने कोरलेली अक्षरं. "ही आमची सगळ्यात जुनी लिहिलेली पानं," आजी त्यांच्या तुटक, सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. चीनचे तेव्हाचे शांग राजे कुठलीही गोष्ट करण्याआधी पितरांना विचारत. कवचाच्या आतल्या बाजूला छोटे खळगे करायचे, तिथे तापलेलं काहीतरी टेकवायचं, की बाहेरच्या बाजूला तडकन भेग जायची. त्या भेगेवरून उत्तर वाचायचं. आजींनी कागदावर एक उभी रेघ ओढली आणि तिला एक आडवा फाटा काढला. शकुन पाहणं या अर्थाचं त्यांच्या लिपीतलं अक्षर आजही तसंच काढतात, भेगेसारखं.

मी ऐकायचं नाही असं ठरवून कांदा चिरत होते. पण राजे काय काय विचारत ते त्या सांगायला लागल्या आणि माझी सुरी थांबली. पाऊस येईल का? पीक होईल का? राजाची दाढ दुखते आहे, ती कुठल्या पितराच्या रागामुळे? राणीचं बाळंतपण नीट होईल ना? आणि दर दहा दिवसांनी, न चुकता, एकच प्रश्न: येत्या दहा दिवसांत काही अरिष्ट तर नाही? एवढं मोठं राज्य, रथ, काशाची प्रचंड भांडी, आणि राजा दर दहा दिवसांनी आईने फोनवर विचारावं तसं विचारतो, सगळं ठीक ना? मला तो राजा एकदम आवडला. इतका वेळ त्याच्यावर रागावून बसल्याची लाजही वाटली.

"आमच्याकडे कौल लावतात," मी म्हणाले. "सेम थिंग."

मग मला कौल समजावून सांगावा लागला. कुडाळजवळच्या आमच्या गावी देवाच्या काळ्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाने हो म्हटलं, डावी पडली तर नाही. आजींनी सुरकुतलेले हात जोडून "व्हेरी गुड" म्हटलं आणि मला उगाचच गावाचा अभिमान वाटला.

पण त्यांच्या लोकांनी एक गोष्ट केली होती जी आम्ही कधी केली नाही. त्यांनी लिहून ठेवलं. तेही कसं? प्रश्न दोन्ही अंगांनी. कवचाच्या उजव्या बाजूला 'पाऊस येईल', डाव्या बाजूला 'पाऊस येणार नाही'. खाली राजाने काय वाचलं ते. आणि कधी कधी, काही दिवसांनी, प्रत्यक्षात काय झालं तेही त्याच कवचावर. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये वीस वर्षं काढली आहेत. काय अपेक्षित होतं आणि काय घडलं हे शेजारी शेजारी लिहा म्हणून तरुण पोरांच्या कानीकपाळी ओरडून माझा घसा बसतो. त्या कुणा अनाम कोरणाऱ्याला मी मनातल्या मनात दंडवत घातला.

दुपारभर आम्ही तिघी पुठ्ठ्याचं कवच कापत बसलो. माझ्या मुलीने त्यावर काळ्या शाईने भेगा काढल्या आणि मग पेन हवेतच धरून विचारलं, "नाइनाइ, राइट साइड म्हणजे कोणाची? आपली की टर्टलची? टर्टल आपल्याकडे पोट करून आहे ना. मग त्याची उजवी इज अवर लेफ्ट."

आजी खूश झाल्या. चाळीस वर्षं शिकवलं, हा प्रश्न फार थोड्या मुलांनी विचारला म्हणाल्या. "वाचणाऱ्याची," त्यांनी सांगितलं. "लिहिलेलं वाचणाऱ्यासाठी असतं." मग माझ्याकडे वळून सहज म्हणाल्या, "तुमच्या देवळात?"

मी हातातली कात्री खाली ठेवली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबा गेल्यावर आई पुण्याचं घर बंद करून गावी राहायला गेली होती. आम्ही सिटिझन झालो, मी तिच्या ग्रीन कार्डचे कागद भरले, एकेक टप्पा पार पडला, आणि मुंबईच्या वकिलातीतल्या मुलाखतीची तारीख आली. तेव्हा ती म्हणाली, आधी देवाला विचारते. मी चिडले. एवढे कागद, एवढी धावपळ, आणि निर्णय एका पाकळीवर! तरी कौलाच्या दिवशी चुलतभावाने देवळातून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. गुरवाचं गाऱ्हाणं चालू होतं, फोन हलत होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीनच्या डाव्या बाजूची पाकळी पडली. डावा कौल. नाही.

मी फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "बघितला मी कौल. झालं ना मनासारखं? विषय संपला." ती म्हणाली, "बरं." मी मुलाखत कॅन्सल केली. त्यानंतर आम्ही रोज बोललो, आंब्यांवर, गुडघ्यांवर, नातीच्या उंचीवर बोललो. कौलाचं नाव दोघींनीही काढलं नाही.

मी पुण्यात वाढलेली. गावच्या देवळात मे महिन्यात जायचे ती मोठ्यांच्या पाठी उभी राहून, प्रसादाच्या खोबऱ्यावर डोळा ठेवून. उजवा कौल म्हणजे हो, एवढं पाठ होतं. उजवा कोणाचा, हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं. आणि माझी अकरा वर्षांची पोर पुठ्ठ्याच्या कासवासाठी तेच विचारत होती.

त्या संध्याकाळी सहा वाजता मी आईला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ, ती अंगणात फुलं काढत होती. मुलगी माझ्या शेजारी पुठ्ठ्याचं कवच मांडीवर घेऊन बसली होती.

"आई, कौल कोणाच्या उजव्या हाताचा धरतात?"

"देवाच्या. आणि कोणाच्या?" ती हसली. "देव बोलता तर हात देवाचोच धरूक व्हयो."

देव आपल्याकडे तोंड करून असतो. स्क्रीनची डावी बाजू, देवाची उजवी.

"मग त्या दिवशी..."

फुलांची परडी कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. "देवान उजवो दिल्यान गो," ती म्हणाली. "तूच फोन ठेवलस. माका वाटला, तुकाच मी नको."

दोन वर्षं. दोन वर्षं मला वाटत होतं की तिने देवाच्या आडून मला नकार दिला, आणि तिला वाटत होतं की मी रागाच्या आडून तिला. शांग राजांची माणसं दाढ दुखली तरी लिहून ठेवायची. आम्ही मायलेकी एक साधा प्रश्न एकमेकींना विचारू शकलो नव्हतो. मला रडू फुटलं. आणि रडता रडताच लक्षात आलं की मी फॉर्म भरले होते, फी भरली होती, तिच्या खोलीचे पडदेही निवडले होते, पण एक साधं वाक्य मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं.

"आई, तू ये," मी म्हणाले. "मला तू हवी आहेस. कागद मी पुन्हा करते."

पलीकडे कोंबडा आरवला.

"थंय थंडी खूप असता काय गो?" आईने विचारलं.

मुलीने माझा दंड हलवला. "आई, दॅट मीन्स यस, राइट?"

मी नुसती मान हलवली. तिने पुठ्ठ्याचं कवच उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, उजवीकडे 'आजी येणार' आणि डावीकडे 'आजी येणार नाही' असं तिच्या वाकड्यातिकड्या मराठीत लिहिलं. पुढे काय झालं ते लिहायला खाली जागा सोडली. मग थोडा विचार करून त्या जागेत पहिली ओळ लिहिली: आजीने थंडीचं विचारलं.