मास्तरचा माइक बंद

रविवार दुपारच्या आमच्या टोळीचे किस्से सांगायला बसलो की संपत नाहीत. एक ओढावा तर त्याच्या शेपटाला दुसरा लटकलेला. हल्ली पंचाईत एवढीच, की कुठूनही सुरुवात केली तरी मध्ये दादा येतो. येऊ दे. त्याचेच तर किस्से आहेत.

आधी खेळ सांगतो. कॉम्प्युटरवर कॉल लावायचा. एक जण गोष्ट रचतो, तो मास्तर. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. "मी दार फोडतो," असं कोणी म्हटलं की स्क्रीनवर फासे पडतात. दार फुटलं की हात मोडला, ते फासे ठरवतात. पात्र मेलं तर मेलं.

मास्तर माझा मोठा भाऊ, मंदारदादा. आम्ही दिल्लीत, द्वारकेला. गाझियाबादहून कुलकर्णी काका, केंद्र सरकारच्या खात्यातून रिटायर. करोलबागेतून यूपीएससीवाले दोघं, लातूरची वैदेही आणि साताऱ्याचा फारुक. मी बंटी, दहावी नापास, एसी बसवतो. माझं काम म्हणजे नेट गेलं की राउटर बंद-चालू करायचा आणि दादाच्या मागे बसून ऐकायचं.

दादाचा नियम कडक होता. खेळ संपला की प्रत्येकानं मास्तरची एक तरी चूक सांगायची. "छान झालं" चालायचं नाही. सगळे बोलून होईपर्यंत मास्तरचा माइक बंद. सफाई द्यायची नाही! शेवटी माइक उघडून एवढंच म्हणायचं, "ऐकलं. पुढच्या रविवारी सुधारतो."

तेवढ्या वेळात दादा जेवायचा. खेळ चालू असताना आई दहा हाका मारायची, हा उठायचा नाही. माइक बंद झाला की ती ताट आणून त्याच्या मांडीवरच ठेवायची.

*

काकांनी पहिल्यांदा चूक सांगितली ती अशी.

"सादर. मास्तरांनी पूल पाडण्यापूर्वी पूर्वसूचना द्यायला हवी होती. माझं पात्र विनाकारण भिजलं. योग्य त्या कार्यवाहीसाठी."

फारुक म्हणाला, "काका, फाइलवर चढवू का हे?"

"चढव. सही पण तूच कर, मी अजून ओला आहे!"

दादाला घास गिळवेना. हसून खांदे हलत होते. आई दारातून घाबरून म्हणाली, "रडतोय का हा?"

*

वैदेहीची प्रीलिम गेली तो रविवार. दादानं त्या दिवशी राक्षस मवाळ ठेवले. ती समोर आली की पळायचे बिचारे.

चुका सांगायची वेळ आली. वैदेही म्हणाली, "मंदार, तुझे राक्षस मला पाहून दया करत होते. आठवडाभर सगळे तेच करतायत. इथे तरी नको यार."

पुढच्या रविवारी चहा निवायच्या आत दादानं तिचं पात्र मारलं. ती रडली, मग हसली. म्हणाली, "हां. आता बरं वाटलं!"

*

गोष्टीतल्या फुटकळ माणसांचं बोलणं मास्तरच बोलतो. दादाचा एक म्हातारा नावाडी होता. तोंडात तंबाखू धरल्यासारखा आवाज. काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच, "पाणी विचारून सांगतो."

एकदा फारुकनं चूक काढली. "नावाडी फार बोलतो. खेळ आमचा की त्याचा?"

पुढच्या रविवारी नावाडी अख्खा खेळ गप्प. दादा फक्त सांगायचा, "नावाड्यानं मान हलवली."

"अरे पण कशी? हो म्हणून की नाही म्हणून?"

"नावाड्यानं पुन्हा मान हलवली."

शेवटी फारुक ओरडला, "बोल बाबा, माझीच चूक!"

*

गुडगावच्या ऑफिसमधून येताना दादाला ट्रकनं उडवलं.

नंतरच्या एका रविवारी मी त्याचा लॅपटॉप उघडला. कशाला, मला माहीत नाही. कॉल आपोआप लागला. तिघं तिथे बसलेलेच होते. त्यांच्या स्क्रीनवर दादाचं नाव उमटलं, माइक बंद.

मग काका म्हणाले, "सादर." थांबले. "मास्तरांनी... पूर्वसूचना द्यायला हवी होती."

मी लॅपटॉप धाडकन मिटला.

*

पुढच्या रविवारी मीच कॉल लावला आणि म्हणालो, "आता मी मास्तर."

नियमांचं पुस्तक इंग्रजीत. मला काय कळणार! वैदेही म्हणाली, "सोड ते. मंदार तरी कुठे वाचायचा?"

मास्तरला आपले फासे इतरांना न दाखवता टाकता येतात. मी सगळेच लपवून टाकायचो. छत कोसळलं, वाचला! बाण लागला, वाचली!

"बंटी," फारुक एकदा म्हणाला, "फासे पडायचा आवाज तरी येऊ दे."

मग एका रविवारी तिघांनी घेरलंच मला.

फारुक म्हणाला, "मी आज मुद्दाम विष प्यायलो. तू म्हणालास, सरबत निघालं."

काका म्हणाले, "सादर. नावाडी या महिन्यात जळाला, बुडाला, कड्यावरून पडला. पेन्शनर माणूस इतका टिकत नाही."

वैदेही म्हणाली, "तू कोणालाच मरू देत नाहीस."

माझा माइक बंद असायला हवा होता. मी उघडला. "नाही देणार! पटत नसेल त्यानं जावं!"

मग वैदेही हळूच म्हणाली, "दया करतोयस बंटी. पुढच्या रविवारी फासे सगळ्यांसमोर टाक. नाहीतर आपण हे बंद करू."

बंद झालं तर नावाडी कुठे बोलणार? दादाचा आवाज मला फक्त नावाड्याच्याच तोंडून काढता येतो. आई तो ऐकायला दारात येऊन उभी राहते. तिला वाटतं, मला दिसत नाही.

*

पुढचा रविवार. नदीला पूर. नावेत तिघांची पात्रं आणि नावाडी. काकांचं पात्र पाण्यात पडलं. नावाड्यानं उडी मारून त्यांना काठावर ढकललं आणि स्वतः धारेला लागला.

फारुकनं विचारलं, "नावाडीबाबा, येताय ना परत?"

मी आवाज काढला. "पाणी विचारून सांगतो."

फासे सगळ्यांसमोर टाकले. दोन्हींवर एकेक. याहून वाईट पडत नाही.

"नावाडी गेला," मी म्हणालो, आणि माइक बंद केला.

वैदेही म्हणाली, "पुराचं वर्णन लांबलं." तिचा आवाज भिजलेला होता.

फारुक म्हणाला, "नावेत दोर हवा होता."

मग काका म्हणाले, "सादर. आज चूक सापडत नाही."

"काका, नियम आहे," फारुक म्हणाला.

"माहीत आहे रे. सापडत नाही."

मागून आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझी एक आहे. सांगू का त्यांना?"

मी माइक उघडून दिला. ती त्या लॅपटॉपजवळ वाकली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"इतके रविवार तो म्हातारा तुम्हाला सगळ्यांना पार नेत होता," आई म्हणाली. "जेवलास का, म्हणून त्याला कोणी विचारलं नाही."

काका म्हणाले, "नोंद घेतली, वहिनी."

मग सगळे थांबले. आता मास्तरनं बोलायचं असतं.

"ऐकलं," मी म्हणालो.