तेरावी खुर्ची

योकोहामातल्या त्या इमारतीत चारुदत्त कारखानीस पुस्तक लिहितात, अशी बोलवा होती. ती त्यांनीच सोडलेली. पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस नोकरी सोडून बायकोच्या पोस्टिंगवर आलाय, असं सांगण्यापेक्षा पुस्तक बरं दिसतं! प्रत्यक्षात ज्योत्स्ना ऑफिसला गेली की हे दुधाची रिकामी खोकी धुवायचे, कापून सपाट करायचे, वाळत घालायचे. कचरा वेगळा करण्यात सरांचा हात धरणारा मजल्यावर कुणी नव्हता. वाईट वाटायचं का? छे. काहीच वाटायचं नाही, हीच तर पंचाईत.

अशात मराठी मंडळ फुटायला आलं. जुने रहिवासी मूठभर, पण हॉल मिळवणं आणि जपानीत गोड बोलणं त्यांच्याच हातात. आयटीतले नवे ढीगभर, त्यांना अध्यक्षपद हवं. गणपती बसतोय की नाही, इथवर ताणलं गेलं.

"सर, तुम्ही कुणाचेच नाही. तुम्हीच काढा तोडगा," जुन्यांचे बाळासाहेब म्हणाले.

कुणीतरी 'सर' म्हणून काही विचारलं होतं! चारुदत्त उठले आणि थेट १८५२च्या लंडनमध्ये शिरले. ॲबर्डीनचं संयुक्त मंत्रिमंडळ. माजी पंतप्रधान पीलचे अनुयायी खासदार जेमतेम चाळीस, पण कारभारात मुरलेले. त्यांना सहा खुर्च्या, पंतप्रधानपद त्यातच. व्हिग पक्षाचे कितीतरी जास्त, त्यांनाही सहाच. आणि तेरावी एका रॅडिकलला, दोन्हीकडे न मोडणाऱ्या जहालाला.

"म्हणजे आम्ही एवढे असून सहाच?" नव्यांचा रणजित उसळला. "हा कुठला हिशोब, सर?"

"सरकार बनवायचा."

"मग मोदकांचं खातं आमचं!"

"घ्या की मोदक," बाळासाहेब हसले. "अध्यक्ष आमचा."

"आणि तेरावी खुर्ची?" कुणीतरी विचारलं.

ती चारुदत्तांनी मनातल्या मनात स्वतःसाठी कधीच पुसून ठेवली होती. "जे ना जुने, ना पोस्टिंगवरचे. जोडीदाराबरोबर आलेले, त्यांची."

"वा! म्हणजे आमच्या बायकांची एक जागा," रणजित म्हणाला. "केतकी, तूच हो. दुकानात अर्धवेळ काम करून जपानी पक्कं झालंय तुझं."

"अरे, मी कुठे? सर आहेत की," त्याची बायको म्हणाली.

"सरांना कशाला गुंतवतेस? सर पुस्तक लिहितायत!"

ज्योत्स्नानं नवऱ्याकडे पाहिलं. वाक्य एवढंसंच होतं: मीही बरोबरच आलोय. पण ते बोललं की पुस्तक गेलं, आणि आपण इतके दिवस काय करत होतो तेही उघडं पडलं.

"केतकीच योग्य," चारुदत्त म्हणाले. टाळ्या पडल्या. गणपती बसणार हे ठरलं.

घरी आल्यावर ज्योत्स्नानं पर्स ठेवली. "बोलला का नाहीस?"

"कशाबद्दल?"

तिनं तो विषय सोडून दिला. थोड्या वेळानं म्हणाली, "पुढं काय झालं रे त्या मंत्रिमंडळाचं?"

"क्रिमियाचं युद्ध झेपलं नाही. दोनेक वर्षांत पडलं."

"आणि तो तेरावा?"

"तो पुढच्या सरकारातही राहिला."

त्यांनी दुधाचं खोकं नळाखाली धरलं. पाणी गार येतंय की गरम, ते काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.