दिवसाचं अंथरूण

"गिरणी कामगाराची मुलगी ना तू? तुझे वडील रात्रभर उभं राहून साच्यांवर कापड विणायचे. आणि तू एसीत खुर्चीवर बसून थकतेस?"

मॅडम हे हसत म्हणाल्या. मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. वर हेही सांगून टाकलं, की हिला म्हणे थकव्याचा आजार झालाय, त्याला इंग्रजी नावसुद्धा आहे. एकजण म्हणाला, "मलाही आहे मॅडम, दर सोमवारी होतो." सगळे हसले.



तो आजार ऑफिसात फक्त मॅडमना माहीत होता. मीच सांगितला होता, विश्वासाने. त्या दादरच्या, शिकल्यासवरलेल्या घरातल्या. दर गणपतीला डिलाईल रोडला आमच्या खोलीवर यायच्या. आईच्या हातचे मोदक खाऊन म्हणायच्या, "ही माझी धाकटी बहीण." मला ते फार मोठं वाटायचं. गिरणी बंद पडल्यावर बाबा वॉचमन झाले, आई डबे करायला लागली. गॅलरीतल्या दिव्याखाली बसून मी शिकले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. हे सगळं मी मॅडमना अभिमानाने सांगितलं होतं. त्यांनी तेच उचलून माझ्या तोंडावर मारलं.

आजाराची सुरुवात साध्या तापाने झाली. ताप उतरला, थकवा उतरला नाही. झोपून उठावं तर झोपलोच नाही असं वाटायचं. वाचलेली ओळ डोक्यात राहीना. आमच्याकडे यावर एकच औषध. बाबा म्हणाले, "अंग मोडून काम कर, आळस पळता."

आमच्या चाळीत दिवसा अंथरूण पडायचं ते फक्त रातपाळीवाल्यासाठी. तो निजला की बायको दाराच्या कडीला टॉवेल लावायची. मग कोणी कडी वाजवायची नाही, पोरांनी गॅलरीत धावायचं नाही. बाकी कोणी दिवसा आडवं झालं तर ते आळशी. मलाही तसंच वाटायचं. म्हणून मी आळस पळवत राहिले. रविवारी गॅलरी धुतली. मंगळवारी प्रभादेवीला चालत गेले. त्या दिवशी बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी केसांत कंगवा फिरवायला हात वर जायचा नाही. मग मी अजून जोर लावायची. आणखी खाली जायची.

कंपनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले. "सगळं नॉर्मल आहे. लग्न करा, मन रमेल."

शेवटी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "जास्त त्रास कधी होतो? काम करताना, की नंतर?" हे आधी कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, नंतर. दुसऱ्या दिवशी. त्यांनी पुन्हा तपासलं, बाकीचे आजार नाहीत याची खात्री केली आणि नाव सांगितलं. क्रॉनिक फटीग सिंड्रोम. "हा खरा आजार आहे, मनाचे खेळ नाहीत. मुळापासून घालवणारं औषध अजून नाही. झोपेवर, दुखण्यावर देऊ. पण दमल्यावर थांबू नका. दमायच्या आधी थांबा. बरं वाटेल त्या दिवशी तर नक्की."

म्हणजे मी आजवर जे केलं, त्याच्या बरोबर उलट.

हेच मी विश्वासाने मॅडमना सांगितलं होतं.

मीटिंगच्या दिवशी घरी येऊन मी बाबांना मॅडमचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. बाबा म्हणाले, "माझा नाव घेतल्यान? रातपाळी करून दिवसा निजलंय, म्हणान हात शाबूत ऱ्हवले. नायतर साच्यात गेले असते." ते उठले. खुंटीवरचा टॉवेल काढून दाराच्या कडीला लावला. "निज तू. तुका कोण उठवूचो नाय."

आठवड्याने मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यामागे सोफा होता. त्यांना मायग्रेन झालं की त्यावर त्या आडव्या व्हायच्या, दार बंद व्हायचं, आम्ही कुजबुजत बोलायचो.

"तुझ्या भल्यासाठी सांगते, राजीनामा दे. घरी आराम कर."

"राजीनामा देणार नाही. दुपारी थोडा वेळ आडवं व्हायला जागा द्या. तुम्हाला आहे तशी."

"हे ऑफिस आहे. चाळ नाही."

"माहीत आहे. चाळीत मागावी लागत नाही."

मी वरपर्यंत गेले. कित्येक महिने लागले. तेच रिपोर्ट, तेच प्रश्न, नव्या नव्या साहेबांसमोर. पुन्हा तपासणी, पुन्हा शंका. जेवायच्या टेबलावर माझ्या बाजूची खुर्ची रिकामी राहायला लागली. गणपतीत मॅडम आल्या नाहीत. आई वाट बघत होती. मी म्हटलं, त्यांच्यासाठी मोदक काढून ठेवू नकोस. यापुढेही नको.

आजार गेलेला नाही. नोकरीही गेलेली नाही. दिवाळीच्या गिफ्टची खोकी भरून ठेवलेली एक खोली कंपनीने रिकामी करून दिली, आत एक फोल्डिंग कॉट टाकली. हे ऑफिस जिथे उभं आहे, तिथे पूर्वी गिरणी होती. रोज दुपारी, दमायच्या आधी, मी त्या खोलीत जाते. हँडलला टॉवेल लावते. दार बंद करते.

कोणी ठोठावत नाही.