शिवणाच्या खोलीची किल्ली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच.

मी मूळची निपाणीची. येलहंकाच्या एका सरकारी शाळेत शिवण शिकवते. आवाज बरा, म्हणून सकाळची प्रार्थनाही माझ्याच गळ्यात पडलेली. सगळी शाळा हात जोडून माझ्यामागून शारदेची स्तुती म्हणते. त्यासाठी कुणाला विचारावं लागतं, असं कधी मनातही आलं नव्हतं. नववीतली नसरीनही म्हणायची, अगदी सुरात. आजही मीच म्हणवून घेते — पण आत काही हलत नाही.

रमजानात एकदा तिनं चाचरत विचारलं, मधल्या सुट्टीत शिवणाच्या खोलीत नमाज पढू का? मी किल्ली दिली. वर अंथरायला कापड बेतायची चादरही दिली. केवढ्या मोठ्या मनाची बाई मी, असं वाटलं होतं तेव्हा! हेडमास्तर नाही म्हणतील हे ठाऊक होतं, म्हणून त्यांना विचारलंच नाही.

कुणीतरी खिडकीतून व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी फाटकाशी माणसं जमून ओरडू लागली. हेडमास्तरांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. खोली कुणी उघडून दिली?

नोकरी डोळ्यांपुढे आली — खरं आहे, पण त्यानं काय होतं? मी म्हणाले, "माझ्या पर्समधून घेतली असेल हिनं किल्ली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — राग परवडला असता. मग हेडमास्तरांना कानडीत म्हणाली, "हौदु सर." हो, मीच घेतली. तेव्हा तरी मला तोंड उघडता आलं असतं ना? पुरावा म्हणून टेबलावर आणून टाकलेल्या त्या चादरीची मी घडी घालत राहिले.

आठवड्याभरात तिचे वडील दाखला न्यायला आले. व्हरांड्यात मला पाहून थांबले. नसरीन त्यांच्या मागे उभी होती.

"हमारे घर में चोरी नै सिखाए, मॅडम," ते मान खाली घालून म्हणाले. "माफ करो."

आणि मी — तिच्या देखत — त्यांना माफ केलं.